राखून ठेवलेला डाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र मिळाले. तुझ्या हाताखाली सराव करणाऱ्या मुलीने राज्य स्पर्धेत १५०० मीटर धावण्याचे सुवर्णपदक मिळवले, हे वाचून मला इतका आनंद झाला की ते पत्र मी घरात सर्वांना वाचून दाखवले. छायाचित्र मात्र मी एकट्यानेच पुन्हा पुन्हा पाहिले. बसस्थानकासमोर लावलेल्या त्या फ्लेक्सवर वरच्या ओळीत पुढाऱ्यांचे चेहरे आहेत, मध्यभागी हात जोडलेला तू आहेस आणि उजव्या कोपऱ्यात, खांबाला बांधलेल्या दोरीखाली अर्धी झाकली गेलेली ती मुलगी आहे. तो फ्लेक्स तू लावला नाहीस, गावाने प्रेमाने लावला, हे मी जाणतो. तरीही मला पाठवण्यासाठी तू तिचे शर्यत संपवतानाचे छायाचित्र न निवडता हे निवडलेस, आणि म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

खेळाडूच्या अहंकाराविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पहिले पदक मिळाले की शिक्षक, आईवडील, शेजारी, सगळेच त्याला पाय जमिनीवर ठेवण्याचा उपदेश करतात. वास्तविक धावपटूचा अहंकार फार काळ टिकतच नाही, कारण पुढच्याच स्पर्धेत कोणीतरी त्याच्यापुढे निघून जाते आणि स्टॉपवॉच कोणाची भीड ठेवत नाही. प्रशिक्षकाचे तसे नसते. आपण पहाटे पाच वाजता मैदानावर उभे राहतो, मुलांच्या बुटांचे पैसे खिशातून घालतो, सणावारी घरी नसतो, आणि या खऱ्याखुऱ्या कष्टांतूनच हळूहळू एक मालकी हक्क तयार होतो. मूल जिंकले तर ‘मी घडवले’ आणि हरले तर ‘त्याने माझे ऐकले नाही’, असे आपण बोलू लागतो. हा अहंकार त्यागाच्या वेषात येत असल्यामुळे तो कोणाला दिसत नाही, आणि दिसला तरी बोलून दाखवण्याचे धाडस कोणी करत नाही.

माझे आजोबा तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत होते. त्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असे : वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो. तू कुस्तीच्या गावचा असल्याने तूही ते ऐकले असशील. उद्या पठ्ठ्या माजला आणि वस्तादालाच भिडला, तर त्याला चीत करायला तो डाव कामी यावा, असा त्यामागचा विचार. लहानपणी मला यात मोठे शहाणपण वाटे. पुढे चाळीस वर्षे मैदानावर घालवल्यावर मात्र मला हे वाक्य दुःखद वाटू लागले, कारण ज्या मुलाला आपण पोटच्या पोरासारखे वाढवतो, त्याच्यापासून स्वतःला वाचवण्याची तयारी आपण पहिल्या दिवसापासून करत असतो, असाच त्याचा अर्थ होतो. धावण्याच्या क्षेत्रात राखून ठेवण्यासारखा डाव नसतो असे समजू नकोस. आठवड्याचे वेळापत्रक देणे पण त्यामागचे कारण न सांगणे, दुसऱ्या प्रशिक्षकाशी बोललेले न खपणे, शिबिराचे बोलावणे आले की ‘अजून तयारी नाही’ म्हणणे, हे सगळे राखून ठेवलेले डावच आहेत.

यातला शेवटचा डाव मी स्वतः खेळलो आहे. तू मैदानावर येण्याच्या कितीतरी आधी माझ्याकडे ८०० मीटर धावणारा एक मुलगा होता. तसा ओघवता पाय मी नंतर पाहिला नाही. एका निवासी प्रशिक्षण केंद्रातून त्याला बोलावणे आले, तेव्हा मी त्याच्या वडिलांना सांगितले की पोर अजून कच्चे आहे, एक वर्ष माझ्याकडेच राहू द्या. वडिलांनी माझ्या शब्दाला मान दिला. खरे कारण एवढेच होते की पुढच्या वर्षीच्या राज्य स्पर्धेत त्याच्या नावापुढे प्रशिक्षक म्हणून माझे नाव मला हवे होते. त्या वर्षी मी त्याच्याकडून नको इतका सराव करून घेतला, त्याची नडगी दुखावली आणि तो पुन्हा त्या वेगाने धावला नाही. आज तो भेटला की वाकून नमस्कार करतो. त्या वेळी त्याच्या पाठीवर ठेवलेला माझा हात जड होतो. मी हे त्याला अजून सांगितलेले नाही. तुला प्रथमच लिहीत आहे.

म्हणूनच बॅडमिंटनमधले प्रशिक्षक पुलेला गोपीचंद आणि त्यांची शिष्या सायना नेहवाल यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. गोपीचंद स्वतः २००१ च्या ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धेचे विजेते. त्यांनी आपले घर गहाण ठेवून अकादमी उभी केली आणि त्यांच्या हाताखाली सायनाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. २०१४ मध्ये ती हैदराबाद सोडून बेंगळुरूला प्रशिक्षक विमल कुमार यांच्याकडे गेली आणि पुढच्याच वर्षी जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. आपण घडवलेली खेळाडू दुसऱ्याच्या हाताखाली शिखरावर पोहोचताना पाहणे किती अवघड असेल, याची कल्पना तुला आज येणार नाही. २०१७ मध्ये ती परत आली तेव्हा अकादमीचे दार तिच्यासाठी उघडे होते. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचा अंतिम सामना सायना आणि गोपीचंद यांचीच दुसरी शिष्या पी. व्ही. सिंधू यांच्यात झाला आणि सायनाने सुवर्णपदक जिंकले. दुखावलेपण मनात असतानाही दार बंद न करणे, यालाच मी प्रशिक्षकाची नम्रता मानतो. हात जोडून उभे राहणे त्यामानाने फार सोपे आहे.

आचरेकर सरांविषयीही लिहिले पाहिजे, कारण तू त्यांचा दाखला देत असतोस. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर निरोपाचे भाषण करताना सचिन तेंडुलकर यांनी सांगितले की सरांनी २९ वर्षांत त्यांना एकदाही ‘छान खेळलास’ म्हटले नाही. तेव्हापासून आपल्याकडचे कित्येक तरुण प्रशिक्षक कौतुक न करणे हीच शिस्त समजू लागले आहेत. त्याच भाषणातला दुसरा भाग मात्र ते विसरतात. सामन्यांचा सराव मिळावा म्हणून सर त्या मुलाला स्कूटरवर बसवून मुंबईभर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत असत. रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. ज्याने एवढे दिले, त्याचे मौन मुलाला समजते. काहीही न देणाऱ्याचे मौन हा निव्वळ ताठा असतो, आणि तुझ्या मुलीशी तू किती आणि कसे बोलतोस हे तूच तपासून पाहा.

श्रेयाच्या वाटणीविषयी थोडेच लिहितो. २०१८ मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकल्यावर क्रिकेट मंडळाने मुख्य प्रशिक्षक राहुल द्रविड यांना ५० लाख आणि इतर सहायकांना प्रत्येकी २० लाख रुपये जाहीर केले. हा फरक द्रविड यांना पटला नाही आणि शेवटी सर्वांना सारखेच, प्रत्येकी २५ लाख मिळाले. म्हणजे त्यांची स्वतःची रक्कम निम्मी झाली. तुझ्याही मैदानावर मुरूम पसरून पाणी मारणारा माणूस आहे, आणि त्या मुलीला पाचवीत पहिल्यांदा धावताना पाहून तुझ्याकडे घेऊन आलेल्या शाळेतल्या बाई आहेत. तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही.

आता कामाचे. तिला शिबिराचे बोलावणे आले आहे आणि ‘पाठवावे की नाही’ असे तू विचारले आहेस. पाठव. स्वतः सोबत जा, नव्या प्रशिक्षकांना भेट आणि तिच्या सरावाची वही त्यांच्या हाती दे. कोणत्या आठवड्यात ती थकते, उन्हात तिचे काय होते, शर्यतीच्या आदल्या रात्री तिला झोप लागत नाही, हे सगळे तुझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही, म्हणून काहीही न गाळता लिही. गेल्या पावसाळ्यात तिची डावी पोटरी दुखत असताना तू तिला पळवले होतेस. तेही त्या वहीत, तारखेसह, असू दे.

तुझा,
सर