टोमॅटो थोडे दिवस बाजूला ठेवा

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी पुण्यात एकटे राहता, रोज कुकर लावून वरण-भात आणि एखादी भाजी करता, पण सगळं एकाच चवीचं लागतं. तर आता कोणता मसाला आणावा? तुमचा आठवड्याचा स्वयंपाक तुम्ही लिहिलाय, तो मी दोनदा वाचला. आमटीत टोमॅटो, बटाट्यात टोमॅटो, फ्लॉवरमध्ये टोमॅटो, उसळीतही टोमॅटो. मसाल्याचे तीन डबे घरात आहेतच, चौथा नका आणू. आधी आंबट बदला.

माझं माहेर चिपळूणचं. आईच्या आमटीत टोमॅटो नसायचाच. वर्षभर आमसूल, चैत्र-वैशाखात कैरी, नवी चिंच निघाली की चिंच. डाळ तीच, फोडणी तीच, तरी आम्ही कधी कंटाळलो नाही, कारण प्रत्येक आंबटाचा स्वभाव वेगळा. चिंच जड आणि खोल, तिला गूळ लागतोच. आमसूल मऊ, नारळाशी पटकन जमतं. कैरीला स्वतःचा वास असतो, म्हणून तिच्याबरोबर मसाला जितका कमी तितकं बरं. टोमॅटो वाईट नाही; पण बारा महिने तोच असेल, तर जेवणही बारा महिने तेच लागणार.

आता कैऱ्या आल्यात, तर आज-उद्याच करून बघा. अर्धी वाटी तूरडाळ हळद आणि हिंग घालून मऊ शिजवा. एक लहान कैरी सालासकट चिरा, सात-आठ फोडी होतील. दोन चमचे तेलात मोहरी तडतडली की चार-पाच मेथीदाणे घाला, ते लालसर होताच कढीपत्ता आणि एक हिरवी मिरची. लगेच फोडी टाकून मिनिटभर परता, अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा. पाच मिनिटांत फोडी बोटाने दाबल्या जातील इतक्या मऊ होतात. मग घोटलेली डाळ, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दोन उकळ्या. गोडा मसाला पहिल्या वेळी घालूच नका. कैरीचा वास त्याच्याखाली दबतो.

कैरी किंवा कुठलंही आंबट कच्च्या डाळीबरोबर कुकरमध्ये टाकू नका. आंबटाने डाळ लवकर शिजत नाही, दाणा टचटचीत राहतो आणि मग आपण शिट्ट्या वाढवत बसतो. डाळ शिजली की मगच आंबट. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सासर साताऱ्याकडचं. तिथे चव आंबटातून कमी आणि हिरव्या, ओल्या जिनसांतून जास्त येते. पौषात हरभऱ्याचे घाटे आले की सासूबाई सोलाण्याची, म्हणजे घाट्यांतून सोललेल्या ओल्या हरभऱ्याची, आमटी करायच्या. वाटीभर सोलाणे चमचाभर तेलावर परतायचे, अंगावर तपकिरी डाग दिसेपर्यंत. त्यातच चार लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, थोडं जिरं. खलबत्त्यात जाडसर कुटायचं, मिक्सर असेल तर दोनच झटके द्यायचे. नेहमीची फोडणी, तीन वाट्या गरम पाणी, मीठ, आणि दहा मिनिटं उकळू द्यायचं. भाकरी कुस्करून खायची. यात एकही विकतचा मसाला नाही, आणि मला तरी हिवाळ्यात याहून चांगली आमटी माहीत नाही. डाग पडेपर्यंत परतण्यात मात्र घाई करू नका, निम्मी चव त्या डागांत असते.

थंडीतच लसणाची पात मिळते. ती फोडणीत जाळू नका. गॅस बंद केल्यावर बारीक चिरून वरून घाला, साध्या पिठल्याचंही रूप पालटतं. ओली हळद सोलून, पातळ चकत्या करून मीठ-लिंबात मुरवा, आठवडाभर पानात डावीकडे वाढायला होते. आवळा किसून मुळ्याच्या कोशिंबिरीत टाका. मटारसाठी हिवाळ्याचीच वाट बघायला नको, पुरंदरचा वाटाणा पुण्यात पावसाळ्यातही येतो. फक्त शेंगा आणल्या त्याच दिवशी सोलून वापरा. तोडल्यापासून त्यांचा गोडवा उतरत जातो, फ्रिजमध्ये चार दिवस ठेवलेला मटार पिठूळ लागतो.

पावसाळ्यात अंबाडीची जुडी घ्या. ती स्वतःच आंबट, तेव्हा दुसरं काही नको. पानं उकडून पिळून घ्या, तूरडाळ नाहीतर ज्वारीच्या कण्या घालून घोटा आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी ओता. अळू केलंत तर चिंच विसरू नका. तिथे ती चवीपुरती नसते. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. पान पुरतं शिजवायचं आणि आंबट घालायचं, ही जुनी रीत त्यासाठीच आहे. टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या जुलैत दिसतील. जी ओळखीची नाही ती विकणाऱ्या मावशींना विचारल्याशिवाय शिजवू नका. कशी निवडायची, कशात घालायची, हे त्या नीट सांगतात, मी कित्येक भाज्या अशाच शिकले.

एकट्याच्या घरात आणलेलं उरतं आणि वाया जातं, ही तुमची अडचण मला कळते. म्हणून आठवड्याला हंगामातली दोनच जिन्नसं आणा, चार नकोत. कोथिंबिरीचे कोवळे देठ फेकू नका, चिरून उकळत्या आमटीत टाका, पानं शेवटी. मे महिन्यात कुणी कोकणातून येणार असेल तर पाव किलो आमसूल मागवा. रातांब्याची सालं त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेली असतात, काचेच्या बरणीत वर्षभर सहज टिकतात. हिरवं काहीच घरात नसेल त्या दिवशी दोन आमसुलं, एक मिरची आणि चिमूटभर साखर वरणात उकळून बघा.

आणि कैरीची आमटी कराल तेव्हा बाठ फेकू नका. फोडींबरोबर तीही टाका. तिच्याभोवतीचा गर आमटीत उतरतो, आणि जेवताना ती चोखायला तुमच्याच वाट्याला येईल.