पहिल्या विमानप्रवासाची बॅग

नव्या पेठेत बॅग घ्यायला जाशील तेव्हा रंगाआधी वजन विचार. केबिनमध्ये, म्हणजे विमानात सोबत न्यायच्या बॅगेत, साधारण 7 किलोच चालतं. रिकामी बॅगच 3 किलोची निघाली तर तुझं सामान उरलं 4 किलो! मापही बघ: 55 × 35 × 25 सेंटिमीटर. दुकानदार 'वीस इंची' म्हणेल, पण टेप लावून चाकांसकट मोज. बरेचजण चाकं धरतच नाहीत.

चार चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर झकास पळते. पण तुला आधी सोलापूरहून पुण्याला एसटीने जायचंय ना? स्टँडवरच्या खड्ड्यांत ती बारीक चाकं मोडतात. माझं एक असंच गेलं, मग अख्खा प्रवास बॅग काखेत. मी तरी दोन मोठ्या चाकांचीच घेईन. कडक बॅग हवी असेल तर पॉलिकार्बोनेटची बघ. ते दाबलं तर वाकतं, एबीएस नावाचं दुसरं कडक प्लास्टिक त्यामानाने लवकर तडकतं.

चेक-इनचं, म्हणजे काउंटरवर द्यायच्या बॅगेचं वजन बहुतेक देशांतर्गत तिकिटांवर 15 किलो असतं. पाहुण्यांसाठी दोन सोलापुरी चादरी टाकल्यास की काटा लगेच चढतो, म्हणून लटकवायचा वजनकाटा घेऊन घरीच तोल. शेंगाचटणी, कडक भाकरी चेक-इनमध्ये खुशाल टाक, चटणीला मात्र दोन पिशव्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेव. तेलामुळे पेटतं म्हणून अडवतात. पॉवरबँक मात्र हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही.