पेलेट लावून मासा धरायचाय? आधी एवढंच कर

अरे भाऊ, पेलेट म्हणजे माशांच्या खाद्याचे कडक दाणे, पहिल्याच दिवशी त्यांचे पाच फ्लेवर नको घेऊस, पैसे पाण्यात जातील, अक्षरशः. आपल्या इंदूरात सगळ्यांची पहिली चूक म्हणजे मत्स्यपालनाच्या दुकानातून स्वस्त दाणा आणायचा, तो बऱ्याचदा तरंगणारा असतो आणि मृगल नि कॉमन कार्प हे मासे तर तळाशी चरतात, मग दिवसभर बसून राहा पोहे खात. घरीच ग्लासभर पाण्यात दोन दाणे टाकून बघ, बुडले तर वापर.

- गळ थेट कडक पेलेटमध्ये खुपसू नकोस, फुटतो. बारीक रबर बँडमध्ये पेलेट अडकव नि बँडमधून गळ घाल.
- मासे जमवायला गळाभोवती टाकायच्या चाऱ्यासाठी २ मिमीचे दाणे पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडव, पाणी काढ, पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेव, मऊ होतात.
- एका वेळी मूठभरच टाक आणि गळाच्या जवळच, सगळीकडे उधळू नकोस. मासा पोट भरून निघून जातो नि आपण म्हणतो आज नशीबच नाही! मीपण पहिलं वर्ष असंच घालवलं. थंडीत तर अजून कमी, पाणी गार झालं की तो फारसा खातच नाही.

कटला मासा वरच्या थरात चरतो, त्याचं नंतर बघू, हेअर रिगचंही (आमिष गळावर न लावता त्याला जोडलेल्या बारीक दोऱ्यावर लावायची पद्धत). आणि हो, इंदूरचे सिरपूर, यशवंत सागर हे रामसर तलाव आहेत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, परवानगी विचारल्याशिवाय कुठेच बसू नकोस, १६ जून ते १५ ऑगस्ट तर मध्य प्रदेशात मासेमारी बंदच असते.

रॉड कुठला घेतलायस ते सांग.