नकाशा चुकतो, तशी रीतही चुकते

तुम्ही विचारलंय की विज्ञान माणसंच करतात आणि नीतीही माणसंच ठरवतात, मग या दोन्हींना वस्तुनिष्ठ, म्हणजे कुणाच्या मतावर अवलंबून नसलेलं, कसं म्हणायचं? माझ्या मते दोन्ही वस्तुनिष्ठ आहेत, पण सारख्या तऱ्हेने नाहीत. मी लातूरकडचा, म्हणून किल्लारीपासून सुरुवात करतो.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपतीचं विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात आत गारवा राहतो म्हणून तशी बांधलेली. दगडांना धरून ठेवायला नुसती माती. धक्क्यासरशी भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली.

तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. दख्खनचं पठार स्थिर, असं जाणकार धरून चालले होते. पुढे 2002 च्या नकाशात पहिला विभागच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर जास्त धोक्याच्या, तिसऱ्या विभागात गेला.

‘बघा, विज्ञान काल एक सांगतं, आज दुसरंच,’ असं यावर काही जण म्हणतात. मला यात विज्ञानाची ताकद दिसते. नकाशा चुकला असं आपण म्हणू शकतो, ते जमीन नकाशाचं ऐकत नाही म्हणूनच. शास्त्रज्ञाला मतं असतात, मानमरातब असतो. पण वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी कुणीही पडताळल्या तरी भूकंपाचं केंद्र किल्लारीच्याच भागात निघतं.

मग रीत चुकली, असंही म्हणता येतं का? ज्याचा त्याचा समाज, ज्याची त्याची नीती, असं मानणारे पुष्कळ आहेत. काही बाबतीत ते ठीकच आहे. आमच्याकडे मामाच्या मुलीशी सोयरीक होते, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ती बहीण मानतात. (जवळच्या नात्यातल्या लग्नांत काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे मात्र दोन्हीकडे सारखंच खरं.)

पण बीडचं बघा. सोनोग्राफीत गर्भ मुलीचा आहे की मुलाचा ते दिसतं. घरच्यांची इच्छा काहीही असो, दिसतं ते बदलत नाही. पुढे काय करायचं हे मात्र यंत्र सांगत नाही. जे आहे त्यावरून काय असावं ते आपोआप निघत नाही, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकातच लिहून ठेवलंय. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा. तरी 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त 807 मुली होत्या. म्हणजे मुलीचा गर्भ पाडायला कितीतरी घरांत मूक संमती होती. समाजाला पटतं तीच नीती असेल, तर हेही बरोबर मानावं लागेल. मी मानणार नाही, आणि तुम्हीही मानणार नाही असं मला वाटतं. हुंडा, ऊसतोडीवरचा संसार, म्हातारपणाचा आधार, ही कारणं खरी आहेत. हे का घडलं ते त्यांवरून कळतं, पण त्यामुळे ते योग्य ठरत नाही.

फरक आहे तो इथे. नकाशा चुकला तर कधी ना कधी जमीनच तो खोटा पाडते. रीत चुकली तर ज्याला तिचा मार बसतो तोच बहुतेक वेळा गप्प बसवलेला असतो. म्हणून नीतीतली चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते. गावातल्या सगळ्यांना एकाच विहिरीवर पाणी भरता यावं म्हणून समाजसेवक बाबा आढावांनी 1972 मध्ये ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम सुरू केली. पण दलितांनी विहिरीला हात लावायचा नाही हा अन्याय काही त्या वर्षी सुरू झाला नव्हता, तो आधीपासूनच अन्याय होता.

नीती तपासायची कशी, हाही तुमचा प्रश्न आहे. भूमितीसारखी सिद्धता मिळणार नाही. पण नियम ज्याच्यावर लादायचा, त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघता येतं आणि त्याच्यासमोर त्या नियमाचं कारण सांगता येतं का तेही बघता येतं. विहिरीपासून लांब घागर ठेवून, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळणाऱ्या बाईने ‘का?’ असं विचारलं असतं, तर गावाकडे ‘पहिल्यापासून असंच आहे’ यापलीकडे सांगायला काय होतं?