फडक्याने स्टेन लावताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लाकडाला रंग देणारा ऑइल स्टेन (तेलातला रंग) ब्रशने लावावा की फडक्याने? फडकं कसलं घ्यावं?

ब्रशने लावलात तरी पुसायला फडकं लागतंच, मग सपाट कामाला पहिल्यापासून फडकंच बरं. बऱ्याच धुण्यांतून गेलेला पांढरा सुती बनियन किंवा टी-शर्ट यासाठी उत्तम. नव्या कापडात खळ असते, ते स्टेन पीत नाही. रंगीत कापडाचा रंग सुटू शकतो. पॉलिस्टर तर स्टेन नुसता इकडून तिकडे ढकलतं. शिवण आणि सुटे धागे आत जातील अशी तळहातात मावणारी घडी करा. लावायला एक आणि पुसायला तीन-चार कोरडी फडकी आधीच हाताशी ठेवा. हातमोजे घाला.

डबा हलवू नका, चपट्या पट्टीने तळ खरवडत ढवळा. रंगाचे कण खाली बसतात. न ढवळता काम केलं की वरचा स्टेन फिका आणि तळाचा गडद लागतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा ढवळा. घडी बुडवून हलकी पिळा, ओली हवी पण गळायला नको. आधी गोलाकार चोळून छिद्रांत भरा, मग रेषांच्या दिशेने एकसारखं करा. डब्यावर दिलेला वेळ, साधारण 5 ते 15 मिनिटं, थांबा. नंतर कोरड्या फडक्याने रेषांच्या दिशेनेच पुसत या आणि घडी भिजली की बाजू पालटा. कोपऱ्यात साचलेला स्टेन कोरड्या ब्रशने ओढून काढा. एका वेळी एकच फळी घ्या, पण ती टोकापासून टोकापर्यंत. मध्येच थांबलात तर जोडाचा पट्टा दिसतो.

वॉटर स्टेनला, म्हणजे पाण्यातल्या रंगाला, एवढी सवड नसते. तो दोन-तीन मिनिटांत पुसावा लागतो, एनसी थिनर या झटपट उडणाऱ्या द्रावणातला त्याहून लवकर. तिथे हातभर भाग घ्या, पुसा, आणि आधीची कड ओली असतानाच पुढे सरका.

प्रश्न : दोन दिवस झाले तरी स्टेन चिकट लागतो. जाड लावल्याने असेल का?

जाड लावल्याने नव्हे, कमी पुसल्याने. लाकूड जेवढं पितं तेवढंच त्याचं. उरलेला थर वर राहतो, नीट वाळत नाही आणि त्यावरचा वार्निश धरत नाही. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं फिरवा, किंवा तोच स्टेन पुन्हा वरून चोळा. नव्या स्टेनमधलं द्रावण जुना थर सैल करतं. दोन-तीन मिनिटांनी दाबून पुसा. मग 24 तास वाळू द्या, दमट हवेत जास्त. वाळला का ते बघायला पांढरं कापड घासा. त्यावर रंग उमटला तर अजून थांबा.

प्रश्न : पाइनच्या कपाटावर काळपट ढग उमटले. लाकूड खराब आहे का?

लाकूड चांगलं आहे, पाइनचा स्वभावच असा. त्यात वाढीच्या हंगामातला मऊ पट्टा आणि नंतरचा घट्ट पट्टा शेजारी शेजारी असतात. मऊ भाग भसाभस पितो, घट्ट भाग फारसा पीत नाही. नीट पाहिलंत तर स्टेननंतर रेषा उलट्या झालेल्या दिसतील : कोऱ्या लाकडात फिका असलेला पट्टा आता गडद, जणू फोटोची निगेटिव्ह. त्यात कुठे राळ जास्त, कुठे रेषा पृष्ठभागाकडे वळलेल्या, म्हणून ढग. बर्च, मेपल, चेरी हीसुद्धा असाच त्रास देतात.

झालेलं घासून काढायला जाऊ नका, मऊ भागात रंग खोल गेलेला असतो. त्यावर थोडा गडद जेल स्टेन बरंच झाकतो, कारण तो घट्ट असल्याने आत न शिरता वर बसतो.

पुढच्या वेळी आधी लाखेचा पातळ हात द्या. एक लिटर मिथिलेटेड स्पिरिटला 100 ते 120 ग्रॅम चपडा लाख. वर पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारायचं असेल तर मेण काढलेली लाख घ्या. एक हात, दोन तास वाळवणं, मग 320 नंबरचा घासायचा पेपर (सँडपेपर) अगदी हलका. याने शोषण सारखं होतं, पण रंगही फिका येतो, म्हणून आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर तोच पेपर, तीच लाख, तोच स्टेन आणि वरचं पॉलिशही लावून पाहा. वाळलेला स्टेन मेलेला दिसतो. खरा रंग पॉलिशखालीच कळतो. नमुना टाळणारे लोकच पुढे डब्याच्या नावाने खडे फोडतात.

प्रश्न : टेबलाच्या दोन बाजू काळ्या पडल्या, वरचा भाग ठीक आहे.

ती कापलेली टोकं आहेत. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. वर 150 नंबरच्या पेपरपर्यंत घासलंत तर टोकं 220 पर्यंत घासा, किंवा तिथेही पातळ लाख द्या.

प्रश्न : जोडांजवळ फिके डाग आणि फळीवर गोल ओरखडे दिसतात. घासताना तर काहीच नव्हतं.

होतं, स्टेनने दाखवलं एवढंच. फिके डाग गोंदाचे : जोड आवळताना बाहेर आलेला गोंद ओल्या बोटाने पुसला की पातळ होऊन छिद्रांत बसतो आणि तिथे स्टेन शिरत नाही. तो अर्धवट घट्ट होऊ द्या आणि पटाशीने उचला. गोल ओरखडे घासायच्या मशीनचे. 120, 150, 180 यांतला टप्पा गाळू नका, आणि शेवटचा नंबर हाताने, रेषांच्या दिशेने फिरवा. 220 च्या पुढे जाऊ नका, छिद्रं बुजतात आणि रंग धरत नाही. स्टेनआधी फळीवर टर्पेंटाइनचं फडकं फिरवून बॅटरीचा (टॉर्चचा) उजेड आडवा पाडा. गोंद आणि ओरखडे दोन्ही लगेच उठून दिसतात. भोकांत भरलेली लांबी (पुट्टी) मात्र स्टेन वेगळाच घेते. ती वरच्या पॉलिशचा पहिला हात झाल्यावर, जुळत्या रंगाची भरा.

प्रश्न : वापरलेली फडकी डब्यात ठेवून पुन्हा वापरता येतील का?

नाही, आणि गोळा करून कुठेही टाकू नका. ऑइल स्टेनमधलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते, बोळ्यात साचते आणि तो बोळा काही तासांत ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो. फेब्रुवारी 1991 मध्ये फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला लागलेली आग अशाच जवस तेलाच्या चिंध्यांतून सुरू झाली होती, तीन अग्निशामक जवान गेले. काम संपताच फडकी उघड्यावर, एकेक सुटी, सावलीत पसरा. वाळून कडक झाली की कचऱ्यात टाका. जागा नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्याखाली बुडवून ठेवा.