सासूबाईंची साळुंकी

प्रश्न : आम्ही सिडनीत राहतो. सासूबाई नाशिकहून आल्यात, त्यांनी बाल्कनीतला पक्षी बघून लगेच जाहीर केलं, ही आपली साळुंकी! पण ही राखाडी आहे, दिवसभर नुसता कलकलाट, आणि परवा तर पाच-सहा जणींनी मिळून आमच्या मांजराला पळवून लावलं. शेजारीण पण मायनाच (म्हणजे इंग्रजीत साळुंकीच) म्हणते. मग ही नक्की कोण?

उत्तर : सासूबाईंना हसू नका हो, चोच पिवळी, डोळ्यामागे पिवळा डाग, डोक्यावर काळी टोपी, कुणीही फसेल. पण ही 'नॉइझी मायनर', तिथलीच मूळची, मध खाणाऱ्या हनीईटर पक्ष्यांच्या कुळातली. ऑस्ट्रेलियन लोक शेवटचा र खाऊन टाकतात त्यामुळे मायना आणि मायनर ऐकायला सारखंच लागतं, घोळ तिथेच होतो. आपली साळुंकी पण आहे बरं का तिकडे, किडे खाईल म्हणून 1860च्या दशकात मेलबर्नला नेऊन सोडली होती. ती तपकिरी, आणि उडाली की पंखात पांढरा पट्टा चमकतो. तुमचीला तो नाही, उलट छातीवर खवल्यांसारखी नक्षी दिसेल, नीट बघा.

या मायनरच्या जिभेच्या टोकाला ब्रशसारखे केस असतात, त्याने फुलातला रस टिपते, शिवाय किडे, आणि निलगिरीच्या पानावरच्या बारक्या किड्यांनी बनवलेलं गोड कवच पण खरवडून खाते. राहणं सगळं जत्थ्यात. अंडी उबवते एकटी मादी, पण पिल्लांना भरवायला नर मंडळींची रांग लागते (आपल्याकडे हे व्हायला हवं होतं!).

आणि भांडकुदळपणा म्हणाल तर मांजर काहीच नाही, आपल्या हद्दीत छोटा पक्षी टिकूच देत नाहीत, सगळे मिळून हाकलतात. झाडं तोडून मोकळी माळरानं, लॉन, पार्क झाले ते यांच्या पथ्यावर पडलं आणि 2014 साली ऑस्ट्रेलियन सरकारने यांच्या या दादागिरीची अधिकृत धोक्यांच्या यादीत नोंद केली. तरी पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचाच असल्यामुळे कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे घरटं बिरटं पाडायला जाऊ नका. बाल्कनीत पावाचे तुकडे टाकत असाल तर आधी ते बंद करा, आणि खाली अंगण असेल तर दाट काटेरी झुडपं लावा, छोट्या पक्ष्यांना लपायला जागा होते. मोठ्ठ्या फुलांचं ग्रेव्हिलिया नावाचं झुडूप मात्र नको, त्यावर हीच टोळी येऊन बसेल.