दातांच्या कवळीतले धातूचे तुकडे कशासाठी असतात?

प्रश्न : माझ्या खालच्या जबड्यातल्या दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा पडल्या आहेत, पुढचे दात शाबूत आहेत. दंतवैद्यांनी धातूचा सांगाडा असलेली, काढता-घालता येणारी कवळी करून दिली आहे. तिची जिभेलगतची पट्टी आणि दातांवर टेकणारे बारीक तुकडे जिभेला सतत जाणवतात. कवळी आकड्यांनीच धरून राहत असेल, तर हे तुकडे घासून काढायला काय हरकत आहे?

उत्तर : हरकत मोठी आहे. आकडे, म्हणजे क्लास्प, कवळी निसटू देत नाहीत एवढेच. चावताना येणारा भार ते पेलत नाहीत. तो भार दातांवर सोपवण्याचे काम तुम्हाला नकोशा वाटणाऱ्या त्या तुकड्यांचे, म्हणजे रेस्टचे, असते. माप घेण्याआधी दंतवैद्य दाताच्या चावण्याच्या पृष्ठभागावर कडेजवळ चमच्याच्या आकाराची उथळ खाच करतात आणि रेस्ट तिच्यात बसते, त्यामुळे दाब दाताच्या मुळाच्या दिशेने खाली जातो. कडेपाशी रेस्टची जाडी एक ते दीड मिलिमीटर एवढीच असते. ती घासली की तिथेच मोडते. रेस्ट नसली तर प्रत्येक घासाबरोबर कवळी हिरडीत रुतत जाते आणि दाताच्या मानेपाशी हिरडी सोलवटून खाली सरकते. केवळ अ‍ॅक्रिलिकच्या, रेस्ट नसलेल्या स्वस्त कवळ्यांबाबत माझी हीच मुख्य तक्रार आहे, मग त्या तोंडात कितीही हलक्या वाटोत.

आकड्याला दोन बाहू असतात. गालाच्या बाजूच्या बाहूचे निमुळते टोक दाताच्या फुगवट्याखाली शिरते; कोबाल्ट-क्रोमियमच्या आकड्यासाठी तिथे साधारण पाव मिलिमीटर खोली पुरते. कवळी घालता-काढताना हे टोक किंचित वाकून फुगवट्यावरून सरकते. त्या वेळी दात आतल्या बाजूला ढकलला जाऊ नये, म्हणून जिभेकडचा दुसरा बाहू मुद्दाम ताठ ठेवलेला असतो.

जिभेलगतची पट्टी, म्हणजे मुख्य जोडणी, डाव्या-उजव्या बाजूंना एकत्र बांधते आणि एका बाजूला आलेला भार दुसऱ्या बाजूपर्यंत पोचवते. ती लवचीक असून चालत नाही, म्हणून तिला ठरावीक जाडी द्यावीच लागते. तिची वरची कड हिरडीच्या कडेपासून निदान तीन मिलिमीटर खाली असावी आणि पट्टीची स्वतःची उंची सुमारे चार मिलिमीटर असते. एवढी जागा नसेल, तर दातांच्या मागे चिकटून राहणारा पत्रा करतात. पट्टीची सवय बहुतेकांना काही आठवड्यांत होते. जखम होत असेल, तर मात्र वाट न पाहता दाखवावे.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी काही दात पडलेल्या जबड्यांचे 1925 मध्ये जे वर्गीकरण मांडले, त्यात दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा नसणे हा पहिला वर्ग होय. कवळीच्या मागच्या टोकाला दाताचा आधार नसतो. तिथला गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा पाया हिरडीवरच टेकतो, आणि हिरडी दातापेक्षा बरीच जास्त दबते. चिकट पदार्थ चावताना हीच मागची बाजू वर उचलली जाते. ते रोखण्यासाठी आकड्यांच्या बऱ्याच पुढे, बहुधा सुळ्यावर किंवा त्यामागच्या दातावर, आणखी एक रेस्ट दिलेली असते. तिच्याजवळ आकडा नसल्याने ती बिनकामाची वाटते, आणि घासून काढण्याचा मोह नेमका तिच्याच बाबतीत होतो.

प्रश्न : आकडा सैल झाला तर घरी पक्कडीने आवळता येईल का?

उत्तर : नाही. ओतीव धातू वारंवार वाकवला की तुटतो, आणि चुकीचा आवळलेला आकडा दातालाच सतत ढकलत राहतो. कवळी बोटांनी दाबून बसवावी, चावून नव्हे. चावून बसवल्यानेच आकडे बहुधा वाकतात.